चालती भिंत व बंद दार: मुलांबरोबर अद्भुत चित्रपट पाहण्याविषयीं एक पाठ

पूर्वीं जत्रेच्या मैदानांत सिनेमाचा तंबू उभा राही. यंत्र घेऊन गाडी गांवोगांव फिरे, आणि आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत सारें घर एकाच सतरंजीवर बसून पडद्याकडे पाही. आतां तोच खेळ तळहाताएवढ्या मोबाइलवर येतो, आणि मूल तो कोपऱ्यांत बसून एकटेंच पाहतें. पाहणें वाढलें, पण पाहिल्यावर बोलणें कमी झालें. हें आमच्या मतें मोठें नुकसान होय. मुलाच्या मनांत जें साठलेलें असतें तें सरळ विचारल्यानें क्वचितच बाहेर येतें. "आज शाळेंत काय झालें?" असें विचारावें तर "कांहीं नाहीं" एवढेंच उत्तर मिळतें, हा बहुतेक आईबापांचा नित्याचा अनुभव आहे. पण त्याच मुलास चित्रपटांतील एखाद्या पोरक्या मुलाविषयीं विचारलें असतां तें घटकाभर बोलतें, आणि बोलतां बोलतां स्वतःविषयीं सांगून जातें.

म्हणून या पाठांत आम्हीं एक जुना व प्रसिद्ध मराठी बोलपट घेतला आहे. तो मुलांबरोबर कसा पाहावा, आणि पाहिल्यावर त्यांच्याशीं कसें बोलावें, याचा विचार आईबापांनीं, आजीआजोबांनीं, तसेंच खेड्यांतील उपदेशकांनीं व शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीं करावा, अशी आमची विनंति आहे.

१. बोलपटाची माहिती

"संत ज्ञानेश्वर" हा बोलपट पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनें १९४० सालीं काढला. ही कंपनी १९२९ सालीं कोल्हापुरास स्थापन झाली व १९३३ सालीं पुण्यास आली. तिच्या चित्रशाळेच्या जागेंत १९६० सालीं सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. कंपनी बंद पडून पुष्कळ वर्षें लोटलीं, तरी पुण्यांतील प्रभात रस्ता अजून तिचें नांव चालवीत आहे. विष्णुपंत दामले व साहेबमामा फत्तेलाल या जोडीनें हा बोलपट दिग्दर्शित केला. याच जोडीच्या १९३६ सालच्या "संत तुकाराम" बोलपटाचा पुढच्या वर्षीं इटलींतील व्हेनिस येथील महोत्सवांत गौरव झाला होता. "संत ज्ञानेश्वर"ची कथा शिवराम वाशीकर यांची व संगीत केशवराव भोळे यांचें आहे.

मोठ्या ज्ञानेश्वरांचें काम शाहू मोडक यांनीं केलें. हे १९१८ सालीं अहमदनगर येथें एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत जन्मले. १९३२ सालीं पुण्याच्या सरस्वती सिनेटोननें काढलेल्या "श्यामसुंदर" बोलपटांत त्यांनीं बालकृष्णाचें काम केलें, आणि पुढें अनेक चित्रपटांत लोकांनीं त्यांस कृष्णाच्या वेषांत पाहिलें. "दुसऱ्यांच्या साधुसंतांचे चित्रपट आपल्या मुलांस कां दाखवावे?" असें आमच्या वाचकांपैकीं कोणी विचारील. त्यास आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, नगरच्या ख्रिस्ती घरांतील मुलानें ज्या कथेंत जीव ओतून काम केलें, ती कथा आपल्या मुलांनीं समजून घेण्यास कांहींच हरकत नसावी. जी भाषा आपण घरांत बोलतों तिला ज्यांनीं सातशें वर्षांपूर्वीं ग्रंथाचें रूप दिलें, त्यांची ही कथा आहे.

ही कथा तेराव्या शतकांतील. विठ्ठलपंतांनीं संन्यास घेतला व गुरूच्या आज्ञेनें ते पुन्हां घरीं परतले. संन्याशानें संसार केला म्हणून आळंदीच्या लोकांनीं त्या कुटुंबास वाळीत टाकलें. निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता हीं चार मुलें त्या घरांत वाढलीं. प्रायश्चित्त म्हणून आईबापांनीं नदींत देह ठेवला, अशी परंपरा आहे. मुलें पोरकीं झालीं. पुढें याच ज्ञानदेवांनीं १२९० सालीं ज्ञानेश्वरी सांगितली, आणि १२९६ सालीं आळंदीस समाधि घेतली. आळंदी पुण्यापासून फार लांब नाहीं. तेथें चालविलेली भिंत म्हणून एक भिंत आजही यात्रेकरूंस दाखवितात.

हाच चित्रपट आम्हीं कां निवडला? कारण त्यांत दोन गोष्टी एकत्र आहेत. एक अद्भुत चमत्कार, ज्यामुळें मुलाचे डोळे विस्फारतात. आणि दुसरी लोकांनीं बंद केलेलीं दारें, जीं आमच्या खेड्यांतील पुष्कळ मुलांस फार चांगलीं ठाऊक आहेत. पहिल्या गोष्टीनें मुलाचें तोंड उघडतें. दुसरीविषयीं तें बोलूं लागलें म्हणजे आपण ऐकावयास बसावें. हाच या पाठाचा सारांश होय.

२. "हें खरेंच झालें का?"

भिंत चालूं लागली कीं मूल पहिला प्रश्न हाच विचारतें. कित्येक आईबाप येथें घोटाळ्यांत पडतात. कोणी "हो, हो" म्हणून वेळ मारून नेतात. कोणी "सगळें थोतांड आहे" म्हणून मुलास गप्प बसवितात. दोन्ही रीति वाईट. मुलास खरें व थोडक्यांत सांगावें. पडद्यावरची भिंत कॅमेऱ्याच्या युक्तीनें चालली, एवढें आपणांस निश्चित ठाऊक आहे. तेवढें सांगावें, आणि शक्य असल्यास करून दाखवावें.

करून दाखविणें फार सोपें आहे. बोलपटांत एका सेकंदास २४ चित्रें डोळ्यांपुढून जातात. प्रत्येक चित्र स्थिर असतें; तीं झरझर गेल्यामुळें आपणांस हालचाल दिसते. एक जुनी वही घ्यावी. तिच्या पानांच्या कोपऱ्यावर मुलाकडून एक लहानशी भिंत काढवावी. पुढच्या पानावर तीच भिंत किंचित् पुढें, त्याच्या पुढच्या पानावर आणखी पुढें. अशीं तीस चाळीस पानें झालीं म्हणजे अंगठ्यानें तीं भरभर सोडावीं. भिंत चालूं लागते! घरांत मोबाइल असेल तर काड्यापेटी जमिनीवर ठेवून, दर वेळीं ती बोटभर सरकवून एकेक छायाचित्र घ्यावें, आणि मग तीं ओळीनें भराभर पाहावीं. काड्यापेटी आपोआप चालल्यासारखी दिसते.

शेतकऱ्याच्या मुलास आणखी एक गोष्ट सांगावी. हिंदी चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांजपाशीं पहिला चित्रपट काढण्यास पैसा नव्हता. तेव्हां त्यांनीं वाटाण्याचें एक रोपटें घेतलें, आणि बियाण्याचा अंकुर कसा फुटतो व वेल कसा वाढतो याचीं चित्रें अनेक दिवस थोडींथोडीं घेत गेले. पडद्यावर तो वेल क्षणांत वर चढला, आणि पाहणारांची खात्री पटली. पुढें १९१३ सालीं त्यांचा "राजा हरिश्चंद्र" लोकांसमोर आला. १९१९ सालीं त्यांनीं "कालिया मर्दन" काढला. त्यांत बालकृष्णाचें काम त्यांची लहान कन्या मंदाकिनी हिनें केलें आहे. या चित्रपटाच्या आरंभीं ती मुलगी आपल्याच रूपांत समोर येऊन चेहऱ्यावर नाना प्रकारचे भाव दाखविते, आणि मग कृष्ण होते. म्हणजे चमत्कार दाखविण्यापूर्वींच फाळक्यांनीं प्रेक्षकांस सांगून टाकलें कीं, ही एक लहान मुलगी आहे व ती सोंग घेणार आहे. तरीही कालियाचें युद्ध पाहतांना लोक रंगून गेले. युक्ति ठाऊक झाल्यानें गोडी जात नाहीं, हें यावरून दिसतें. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे भाग उरले आहेत ते पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत जतन केलेले आहेत.

येथें एक इशारा देणें आवश्यक आहे. पांच सहा वर्षांखालील मुलास सोंग व सत्य यांचा भेद नीट कळत नाहीं. भिंत चालली तर आपणही माळ्यावरून उडी घ्यावी, असें त्याच्या मनांत येऊं शकतें. अशा मुलास युक्ति अवश्य दाखवावी, आणि "हें आपण करावयाचें नाहीं" असें स्पष्ट सांगावें.

चित्रपटांतील युक्ति सांगितली, तरी परंपरेच्या कथेची टवाळी करूं नये. इतकीं शतकें लोक जी कथा प्रेमानें सांगत आले, तिच्यांतून त्यांस काय म्हणावयाचें होतें, हें मुलास विचारावें. आपल्या घरांत झालेली थट्टा मूल दुसऱ्या दिवशीं शाळेंत घेऊन जातें आणि शेजारच्या मुलाचें मन दुखवितें. ज्या मुलांनीं दृष्टांतकथा ऐकल्या आहेत, त्यांस कथेचा अर्थ शोधण्याची संवय असतेच.

३. चार प्रसंग व त्यांतील अर्थ

पहिला प्रसंग, रेडा. शुद्धिपत्र मिळविण्यासाठीं भावंडें पैठणास गेलीं. तेथील विद्वानांनीं त्यांची हेटाळणी केली. समोरून जाणाऱ्या रेड्याकडे बोट दाखवून, याचेंही नांव ज्ञानाच आहे, असें कोणी म्हणालें. दोघांतही एकच जीव आहे, असें ज्ञानदेवांनीं उत्तर दिलें. आणि मग त्या मुक्या जनावराच्या तोंडून वेद निघाले, अशी कथा आहे. मुलें येथें हसतात. हसूं द्यावें. मग विचारावें: "रेडाच कां बोलला? राजाचा हत्ती कां नाहीं?" मुलें उत्तर शोधूं लागतात, आणि बहुधा तीं स्वतःच सांगतात कीं, ज्याला सगळे मुका व मठ्ठ समजत होते तोच बोलला. ज्यास कोणी बोलूं देत नाहीं त्यालाही कांहीं सांगावयाचें असतें, ही गोष्ट वर्गांतील मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलास कोणत्याही उपदेशापेक्षां अधिक लवकर समजते.

दुसरा प्रसंग, कोरें पत्र. योगी चांगदेव चौदाशें वर्षें जगले होते, असें परंपरा सांगते. त्यांस ज्ञानदेवांना पत्र लिहावयाचें होतें. पण मायना काय लिहावा? वयानें लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, कीं ज्ञानानें मोठा म्हणून नमस्कार लिहावा? कांहींच ठरेना, तेव्हां त्यांनीं कोराच कागद पाठविला. तो पाहून, इतकीं वर्षें जगूनही हा कोराच राहिला, असें धाकटी मुक्ता म्हणाली. मराठी मुलांस हा प्रसंग फार आवडतो, कारण कोणास "अरे" म्हणावें व कोणास "अहो" म्हणावें हा पेंच त्यांनाही रोज पडतो. येथें विचारावें: "लहान माणसाचें बरोबर आणि मोठ्याचें चुकीचें, असें कधीं होतें का?" आणि मूल जें उत्तर देईल तें रागावल्याविना ऐकावें. कदाचित् तें आपल्याच घरांतील उदाहरण देईल.

तिसरा प्रसंग, भिंत. चांगदेव वाघावर बसून, हातांत सापाचा चाबूक घेऊन भेटीस आले. भावंडांपाशीं ना वाघ, ना घोडा. तीं ज्या पडक्या भिंतीवर बसलीं होतीं तीच भिंत चालली. वाघास भिववून चालवितां येतें. भिंतीस भीति घालून काय उपयोग? बळाचा डौल एकीकडे आणि साधेपणा एकीकडे, असा हा सामना आहे. "तुला वाघावर बसावयास आवडेल कीं भिंतीवर? आणि भिंतीवर बसावयाचें तर शेजारीं कोणास घेशील?" असें विचारावें. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून मुलाचे मित्र कोण आहेत, आणि कोणी आहेत कीं नाहींत, हें कळतें.

चौथी एक जोडकथा चित्रपट पाहून झाल्यावर घरींच सांगावी. मुक्तेला मांडे करावयाचे होते, म्हणून ती कुंभाराकडे खापर आणावयास गेली. विसोबा चाटी नांवाच्या गृहस्थानें कुंभारास बजावलें कीं, या पोरीला भांडें देऊं नको. ती रडत घरीं आली. तेव्हां ज्ञानदेवांनीं योगबळानें आपली पाठ तापविली, आणि तिनें तिच्यावर मांडे भाजले. चमत्कार बाजूस ठेवला तरी कथेंत दोन खरीं माणसें उरतात: बहिणीचें रडणें सहन न होणारा भाऊ, आणि एका पोरीस मातीचें भांडें मिळूं न देणारा मोठा माणूस. पुढें तोच विसोबा पस्तावला व त्या भावंडांच्या पायांशीं आला, असेंही कथा सांगते. ज्यानें दार लावलें तो पुढें दार उघडूंही शकतो, हें मुलांस कळूं द्यावें.

४. संभाषणाची रीति

पाहण्यापूर्वीं फार सांगूं नये. "ही चार भावंडांची गोष्ट आहे, आणि हिच्यांत एक भिंत चालते," एवढें पुरे. चित्रपट दोन तासांहून अधिक लांबीचा व काळापांढरा आहे, म्हणून तो दोन रात्रीं पाहावा. पहिल्या रात्रीं भावंडांचें बालपण पाहावें, आणि राहिलेला भाग दुसऱ्या रात्रीं. मोबाइल लहान असेल तर भिंतीला टेकवून ठेवावा व सर्वांनीं मागें बसावें. एकट्या मुलाच्या हातांत देऊं नये.

पाहतांना मधेंमधें शिकवूं नये. मूल आपणहून बोललें तर हळूच उत्तर द्यावें. आईबापांचा वियोग लहान मुलांस फार जड जातो. मूल आईला बिलगलें, किंवा "तूं पण मला सोडून जाशील का?" असें त्यानें विचारलें, तर चित्रपट थांबवावा, त्यास जवळ घ्यावें आणि "नाहीं, आम्ही तुझ्यापाशींच आहों" असें साध्या शब्दांत सांगावें. मोठ्या मुलांस हेंही सांगावें कीं, लोकांच्या छळानें त्या आईबापांवर ती वेळ आली. कितीही संकट आलें तरी जीव देणें हा मार्ग नव्हे, आणि लेंकरांस पोरकें करणारें प्रायश्चित्त सांगणाऱ्यांनींच अन्याय केला.

पाहून झाल्यावर परीक्षा घेऊं नये. "यांतून काय बोध घेतलास?" हा प्रश्न ऐकतांच मूल आपणांस आवडेल तें उत्तर शोधूं लागतें, आणि खरें बोलणें तेथेंच संपतें. त्याऐवजीं "तुला कोण आवडलें?", "तुला कोठें वाईट वाटलें?", "तूं तेथें असतीस तर काय केलें असतेंस?" असे प्रश्न विचारावे. भाकरी थापतांना, शेंगा सोलतांना, किंवा शेताच्या वाटेनें चालतांना विचारावे. मुलाच्या डोळ्यांला डोळा लावून विचारल्यास तें बुजतें. हात कामांत असले म्हणजे जीभ सैल सुटते.

असें संभाषण कसें चालतें त्याचा एक नमुना देतों. नात व आजी शेंगा सोलीत बसल्या आहेत, असें समजावें.

नात: आजी, ती भिंत खरेंच चालली का ग?

आजी: पडद्यावर चालली, बाई. कॅमेऱ्याची युक्ति आहे ती. उद्यां दादा तुला वहीवर करून दाखवील. तुला कोण आवडलें ग त्यांत?

नात: मुक्ता.

आजी: कां बरें?

नात: ती सगळ्यांत लहान आहे. आणि तिला कोणी घेत नाहीं.

आजी: घेत नाहीं म्हणजे?

नात: खेळायला. आणि डबा खातांना.

आजी: डबा खातांना काय होतें?

नात: त्या म्हणतात, तूं तिकडे बस.

वाचकांनीं येथें लक्ष द्यावें. चित्रपटांतील मुक्तेला शाळेचा डबा नाहीं. "डबा" हा शब्द आला त्या क्षणीं मूल आळंदीहून आपल्या शाळेंत आलें. आजीनें त्याला ओढून आणलें नाहीं. तिनें फक्त मुलीचाच शब्द पुन्हां उच्चारला आणि ती थांबली. "कोण ग ती मेली? तिची आई कोण?" असें आजी ओरडली असती, किंवा "अग, लक्ष देऊं नये, आपण चांगलें वागावें" असें म्हणाली असती, तर नात गप्प झाली असती आणि तें दार पुन्हां लागलें असतें.

५. मूल बोललें म्हणजे पुढें काय?

मुलानें आपलें दुःख सांगितलें कीं वडील माणसाचें खरें काम सुरू होतें. प्रथम, तें पूर्ण ऐकावें. दुसरें, "तूं सांगितलेंस तें बरें केलेंस" असें म्हणावें. तिसरें, कृति करावी. शिक्षकांस शांतपणें भेटावें, मुलाचें नांव उघडें न पाडतां काय घडतें तें सांगावें, आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां चौकशी करावी. मारहाण, छळ किंवा अंगाशीं लगट अशी गोष्ट निघाल्यास ती घरांत दडवूं नये. मुलांच्या साहाय्यासाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक सर्व देशांत निःशुल्क चालतो. उपदेशकांनीं हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. मूल विश्वासानें बोललें आणि वडिलांनीं कांहींच केलें नाहीं, तर तें पुन्हां बोलणार नाहीं.

वाळीत टाकणें म्हणजे काय, हेंही मुलांस समजावून सांगावें. पाणी बंद, दुकान बंद, लग्नांत बोलावणें बंद, मयतास खांदा बंद. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अशा आठवणी आहेत. आजोबांनीं कोणत्या विहिरीवरून पाणी आणलें, कोणत्या दिवशीं सोयऱ्यांनीं दार लावून घेतलें, आणि कोणी एकानें मात्र रात्रीं येऊन दाणे दिले, अशा गोष्टी आजीआजोबांनीं नातवंडांस स्वतःच्या तोंडानें सांगाव्या. कित्येकांस त्या सांगण्याची लाज वाटते. ती लाज आपली नव्हे. दार लावणारांची आहे. आजोबांनीं आपलें सांगितलें म्हणजे नातवालाही आपलें सांगण्यास धीर येतो.

मोठ्या मुलांस कायद्याची माहितीही द्यावी. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१६ सालीं स्वतंत्र कायदा संमत केला, आणि २०१७ सालीं तो अंमलांत आला. त्याप्रमाणें कोणास वाळीत टाकणें हा गुन्हा असून, त्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. तेराव्या शतकांत चार पोरक्या भावंडांस जी दाद मिळाली नाहीं ती मागण्याची वाट आज उघडी आहे, हें मुलांस ठाऊक असावें.

एक नाजूक गोष्ट राहिली. कधीं कधीं या संभाषणांत असें निघतें कीं, आपलें मूल वाळीत पडलेलें नसून तेंच दुसऱ्यास वाळीत टाकीत आहे. नवीन आलेल्या मुलास तें खेळांत घेत नाहीं, किंवा तोतरें बोलणाऱ्याची नक्कल करून सर्वांस हसवितें. येथें आईबापांस मान खालीं घालावीशी वाटते, आणि हात उगारावासा वाटतो. हात उगारूं नये. विसोबाची कथा आठवावी व मुलास विचारावें: "त्या पोरीला खापर न मिळाल्यावर ती घरीं जातांना काय म्हणत असेल?" मग थोडा वेळ गप्प राहावें. दुसऱ्या दिवशीं त्या मुलाला घरीं जेवावयास बोलवावें, आणि वाढण्याचें काम आपल्या मुलाकडेच द्यावें.

६. घरीं व वर्गांत विचारावयाचे प्रश्न

लहान मुलांसाठीं (५ ते ८ वर्षें): भिंत कशी चालली असेल? चार भावंडांत तुला कोण व्हावयास आवडेल? मुक्ता रडली तेव्हां तिच्याजवळ कोण आलें? तूं रडतोस तेव्हां कोण येतें?

मधल्या मुलांसाठीं (९ ते १२ वर्षें): रेडा बोलला ही गोष्ट लोकांनीं कां जपून ठेवली असेल? चांगदेवांच्या जागीं तूं असतास तर पत्राचा मायना काय लिहिला असतास? आपल्या वर्गांत कोणाशीं कोणी बोलत नाहीं असें आहे का?

मोठ्या मुलांसाठीं: गांवांतील सर्वच लोक वाईट होते का? ज्यांस मनांतून वाईट वाटत होतें ते कां बोलले नाहींत? आज आपल्या गांवांत कोणाचें दार बंद आहे? तें उघडण्यास पहिलें पाऊल कोणी व कसें टाकावें?

एका बैठकींत दोन प्रश्नांहून अधिक विचारूं नयेत. उत्तर आलें नाहीं तरी चालेल. चार दिवसांनीं, निजतांना, मूल आपणहून तो विषय काढतें असें पुष्कळदां होतें. उपदेशकांनीं हा पाठ वर्गांत घेतल्यास प्रथम वहीच्या कोपऱ्यावरील भिंत सर्व मुलांकडून काढवून घ्यावी. त्यासाठीं प्रत्येकानें जुनी वही व पेन्सिल आणावी, असें आदल्या आठवड्यांत सांगून ठेवावें. आणि ज्याच्यापाशीं वही नसेल त्याच्यासाठीं शिक्षकांनीं एक दोन अधिक आणाव्या.